तलावमायची पाठ

मी भित्रा माणूस आहे, हे आधीच सांगून टाकतो. प्रवासवर्णनं लिहिणारी माणसं दऱ्या उतरतात, अनोळखी गावात अनोळखी ताटात जेवतात आणि वर ते हसत हसत लिहितात. मी पुण्यात लक्ष्मी रस्ता ओलांडतानासुद्धा कुणाच्या तरी आडोशानं ओलांडतो. घरातून निघताना गॅस तीनदा बघतो. असा माणूस ऐन वैशाखात, ऑफिसात पोटदुखीची थाप मारून, भंडारा जिल्ह्यातल्या एका खेड्यात जाऊन आला. गावाचं नाव लिहिणार नाही. तिथल्या विमलताईंनी तसं बजावलं आहे, आणि त्यांना नाही म्हणायला मला तोंड नाही.

का गेलो ते कळायला माझी नोकरी सांगावी लागेल. जुन्या नाण्यांचे फोटो पाहून ती खरी की खोटी, किती झिजलेली, कोणत्या प्रतीची, हे ठरवणारं कृत्रिम बुद्धिमत्तेचं यंत्र आमच्या कंपनीनं केलं आहे. कुणीही मोबाइलवरून नाण्याच्या दोन्ही बाजूंचे फोटो पाठवायचे की लगेच निकाल. त्या यंत्राला शिकवणाऱ्यांपैकी मी एक. आमच्यासमोर पडद्यावर नाणं येतं, खाली दोन बटणं असतात, ‘खरे’ आणि ‘खोटे’. आम्ही जे दाबू ते यंत्र शिकतं.

काही वर्षांपूर्वी एका व्यापाऱ्यानं दोन वेगळ्या रुपयांच्या अर्ध्या चकत्या कापून, एकमेकींना चिकटवून बनवलेला एक रुपया पाठवला होता. एक बाजू गुळगुळीत, दुसरी करकरीत. मी तो पकडला. माझा सत्कार झाला, शाल मिळाली, आणि यंत्राला नियम शिकवला गेला की दोन्ही बाजूंची झीज जुळत नसेल तर नाणं खोटं. ती शाल अजून कपाटात आहे.

मग एके दुपारी फोन आला. बोलणारा म्हणाला, “सर, मी भंडाऱ्याहून धनराज बोलून राहिलो. कोशाच्या साड्यांचं दुकान हाय आपलं. पुण्याच्या नाण्यांच्या प्रदर्शनात तुमचं भाषण ऐकलं होतं. सर, तुमचं मशीन माझ्या बहिनीले चोर म्हनून राहिलं.”

मी म्हणालो, कंपनीकडे तक्रार करा. तो म्हणाला, तीनदा केली. आवाज चढलेला नव्हता, उलट फार खाली गेलेला होता. मी नोंदीचा क्रमांक घेतला आणि पडद्यावर ते नाणं उघडलं. राणीछाप चांदीचा रुपया. राणीचा चेहरा इतका झिजलेला की नाक कुठे आणि डोळा कुठे ते अंदाजानंच ओळखायचं. मागची बाजू मात्र टाकसाळीतून आत्ताच आल्यासारखी. खाली लाल अक्षरांत निकाल होता, नकली. कारण, दोन्ही बाजूंची झीज जुळत नाही. ते वाक्य माझं होतं, शब्दन् शब्द. माझ्या पोटात खरोखरच दुखायला लागलं, तेव्हा रजेच्या अर्जात मी अगदीच खोटं लिहिलं असं नाही.

भंडारा आणि कारधा

भंडाऱ्याचं ऊन मला आधी कुणी समजावून सांगितलं नव्हतं. आमच्याकडे ऊन लागतं, तिथे ते अंगावर बसतं. धनराज मला घ्यायला आला तो डोक्याला ओला दुपट्टा बांधून, आणि माझ्यासाठी दुसरा घेऊन. पन्नाशीचा, गोल चेहऱ्याचा, बोलका माणूस. त्याच्या घराण्यात पिढ्यान् पिढ्या कोसा, म्हणजे रानरेशीम, विणायचं काम, आता माग थोडे आणि दुकान मोठं. दुकानात थंड पाणी प्यायलो, नाण्याचे नीट फोटो घेऊन यंत्राला पाठवणारी तपासणीची पेटी छातीशी धरून बसलो, आणि तो म्हणाला, “चला, आधी वैनगंगा दाखवतो.”

मला नदी बघायची नव्हती. पण नको म्हणायला धीर लागतो. स्कूटरवर मागे बसून आम्ही पुलावर आलो, समोर पलीकडच्या काठाचं कारधा गाव. पाणी खाली गेलेलं होतं, काठाला म्हशी बसल्या होत्या. कठड्यापाशी जायला नको, म्हणून मी स्कूटरचं हँडल धरून उभा राहिलो. तिथेच त्यानं मला सगळं सांगितलं.

त्याची मोठी बहीण विमल, अड्याळच्या पुढच्या त्या गावात दिलेली. धानाची शेती, मधोमध जुना तलाव, आणि सगळं गाव त्या तलावाच्या पाण्यावर. त्या तलावाची माय म्हणजे हा रुपया. शिसमाच्या एका पाटात खळगा कोरून, त्यात लाख ओतून, रुपया बसवलेला. राणीचा चेहरा वर. तो चेहरा त्यांना राणीचा वाटत नाही, मायचा वाटतो. दर अमावस्येला चिंच आणि राख लावून अंगठ्यानं माय घासायची, मग हळद-कुंकू. पाट वर्षभर एका घरी राहतो, आणि अक्षय तृतीयेला, ज्याला तिकडे अकती म्हणतात, पुढच्या घरी जातो. ज्या घरी माय, त्या घरच्या माणसानं पावसाळ्यात तलावाचं पाणी पहिल्यांदा सोडायचं. यंदा माय विमलताईंकडे होती.

“चैतात नऊ दिवस दिवा लावते ना जी आपल्याकडं, तो ताईनं पाटाच्या जरा जवळ ठेवला,” धनराज म्हणाला. “आचेनं लाख नरम होऊन फुटली, रुपया सुटला. पनजाच्या पनजापासून कोनी मायची पाठ पायली नव्हती, सर. मी गेलो, मले तं नाण्यांचा नाद. आंगनात बसून दोन्ही बाजूचे फोटो काढले अन् टाकले तुमच्या मशीनमंदी. चार लोक माझ्या खांद्यावरून पाहून राहिले होते. मशीन म्हने, नकली. संध्याकाळपर्यंत गावभर गोठ पसरली का विमलनं माय विकली अन् दुसरी आनून बसवली.”

“आणि ती जुनी लाख?” मी विचारलं.

“तिचे तुकडे ताईनं मले देल्ले, नदीत सोडाले. मायच्या अंगाची वस्तू, घुऱ्यावर, केरात कशी टाकाव? इथंच सोडले जी.” असं म्हणताना तो नदीकडे न बघता स्कूटरच्या आरशाकडे बघत होता. मला वाटलं, ऊन लागलं असेल.

अकती तीन दिवसांवर होती. पुढची पाळी सोमाजी नावाच्या म्हाताऱ्यांच्या घराची. त्यांनी निरोप धाडला होता की नकली माय ते उंबऱ्याच्या आत घेणार नाहीत. आणि पाट ज्या घरी अडला ते घर गावात कायमचं चोराचं.

मी धनराजला त्या वेळी विचारायचं टाळलं ते आता लिहितो. त्याच्या बहिणीनं खरंच रुपया बदलला असेल तर? मग यंत्र बरोबर, आणि मीच तिच्या अंगणात उभा राहून ते सांगणार. रात्री मी दोनच पोळ्या खाल्ल्या.

अड्याळच्या पुढे

सकाळी साड्यांच्या व्हॅनमधून निघालो. अड्याळच्या बाजारात चहाला थांबलो तर विमलताईंच्या गावची दोन माणसं काचेपाशी आली. एकानं वाकून माझ्या मांडीवरची पेटी पाहिली.

“तुमीच काय जी मशीनवाले?”

मी मान हलवली. ती हो होती की नाही, माझं मलाच सांगता येणार नाही.

“लवकर सोडवा जी ह्ये. यंदा तलाव नाई भरला तं आमी कोनाच्या नावानं रडाव?” असं म्हणून तो निघून गेला. धमकी नव्हती ती. धमकी असती तर मी पोलिसांत तरी गेलो असतो. तो माणूस माझ्यासारखाच घाबरलेला होता, आणि घाबरलेल्या माणसांची मला फार भीती वाटते.

पुढे मोहाची झाडं लागली. धनराज सहज म्हणाला की मोहफुलं वेचायला पहाटे अस्वल येतं. त्यानंतर त्या उन्हातही मी माझ्या बाजूची काच वर करून बसलो. व्हॅनमध्ये कोऱ्या कोशाचा वास कोंडला होता. धनराजनं स्वतःची काच उघडी ठेवून मला वारा येईल असं केलं.

विमलताईंच्या अंगणात शिरलो तेव्हा त्यांचे यजमान दामोदर ओसरीवर भिंतीकडे तोंड करून दोर वळत बसले होते. त्यांनी वळून पाहिलं नाही. बाजूला वळलेल्या दोराची एवढी वेटोळी पडली होती की दहा विहिरींना पुरावीत. विमलताई बाहेर आल्या. उंच, काटक, साठीच्या जवळ आलेल्या. मी नमस्कार केला.

“या जी भाऊ. तुमीच काय ते शिकवनारे?” त्यांनी विचारलं.

“मशीनवाले,” मी घाईनं म्हणालो, म्हणजे शिकवण्याचा विषय तरी निघणार नाही. धनराजनं त्यांना काय सांगितलं होतं, देव जाणे.

जेवायला भात, लाखोरीचं वरण, तव्यावरची वांगी. लाखोरीची डाळ नेमानं खाल्ली तर पायातलं बळ जातं, असं मी कुठेतरी वाचलं होतं. पुण्यात आमटी आंबट झाली की गोड झाली एवढाच प्रश्न असतो. इथे पायांचा प्रश्न होता. पण विमलताई समोर बसून वाढत होत्या, आणि मी ताट बाजूला सारलं असतं तर त्याचा अर्थ त्यांनी काय घेतला असता ते उघड होतं. मी दोनदा वरण घेतलं आणि उठताना पाय हलतात का ते गुपचूप पाहिलं. वरण चवीला फार चांगलं होतं, हे कबूल करतो.

“तीन आठवडे झाले,” विमलताई हात धुताना म्हणाल्या. “माझ्याकडं हळद-कुंकवाले एक बाई आली नाई. पान्यावर गेली तं बोलनं थांबते. यांचं तं तुमी पायलंच. धानाच्या रोवन्याले मी कोनाच्या बांधीत जाऊ अन् माझ्या बांधीत कोन येईन? माय इथं हाय, अन् आमीच परके.” त्या रडत नव्हत्या. रडल्या असत्या तर मला काहीतरी बोलता आलं असतं.

दुपारी उन्हं कलल्यावर माणसं जमली. पुढे सोमाजी. सत्तरीचे, पांढरं धोतर, हातात काठी. त्यांनी मला नमस्कार केला आणि खाट नाकारून जमिनीवर बसले. विमलताईंनी पाट आणून ठेवला, त्यावर लाल कापडात रुपया. मी पेटीत तो ठेवला, दिवा लावला, मोबाइल जोडला. पडद्यावर अक्षरं आली, पेटी अति तापली आहे, थंड झाल्यावर वापरा. आणि ती बंद पडली.

मला सुटल्यासारखं वाटलं. लाज वाटली ती नंतर. सगळे माझ्याकडे बघत होते, म्हणून मी ते केलं जे यंत्र येण्याआधी तीस वर्षं करत होतो. रुपया छोट्या काट्यावर घातला, वजन झिजेइतकंच कमी. बोटावर तोलून दुसऱ्या नाण्यानं वाजवला, आवाज चांदीचा. मग भिंग लावून कडा बघायला घेतली. चिकटवलेलं नाणं असलं तर कडेच्या आत केसाएवढी शिवण असते. मी रुपया फिरवत होतो आणि मनात एकच चाललं होतं की शिवण दिसू नये. एक फेरा झाला, दुसरा झाला. शिवण नव्हती. कडेच्या खाचांत काळपट लाख अडकलेली होती.

मागच्या बाजूला, पानांच्या नक्षीजवळ, तिळाएवढी एक टोच दिसली. पूर्वी सराफ चांदी पारखायला रुपयाला अशी टोच मारत. मी सगळ्यांना सांगितलं की रुपया खरा आहे, एकच आहे, आणि चेहरा झिजला तो तुमच्या आज्या-पणज्यांच्या अंगठ्यांनी. पाठ लाखेत होती म्हणून तिला चिंच लागली नाही, राख लागली नाही.

सोमाजींनी नीट ऐकून घेतलं. मग म्हणाले, “खरा असन जी. चांदीचा राणीछाप भंडाऱ्यात सोनाराकडं बी खराच भेटते. पन आमचाच हाय काय? कडेची लाख म्हनाल तं ते आजबी भरता येते. माझ्या घरी दुसरीच माय आली अन् तलाव कोरडा राह्यला, तं मी काय सांगू लोकायले?”

मला त्यांचा राग आला नाही. मी म्हणालो, ज्या लाखेत तो बसला होता तिच्यात पाठीचा ठसा उमटलेला असणार, टोचेसकट. ती लाख असती तर लगेच कळलं असतं.

“लाख तं नदीत गेली,” विमलताई म्हणाल्या.

धनराज उठला, रांजणापाशी जाऊन तोंड धुतलं, आणि तिथूनच, पाठमोरा, म्हणाला, “ताई, नाई टाकली.”

“काय?”

“पुलावर गेलो होतो मी. पन मले त्याच्यावरची फुलं-पानं दिसली, उलटी. माझं मन नाई झालं. तुले खोटं सांगतलं. दुकानात हाय, लोखंडी कपाटाच्या मांगं.”

विमलताईंनी भावाकडे असं पाहिलं की मीच दोन पावलं मागे सरलो. “मायची वस्तू साड्यांच्या दुकानात ठेवली तू?” एवढंच त्या म्हणाल्या. सोमाजी म्हणाले की अकतीच्या सकाळपर्यंत थांबतो, त्यापुढे नाही. धनराज तसाच व्हॅनकडे गेला.

मध्ये एक अख्खा दिवस गेला. व्हॅन अड्याळलाच बंद पडली, दुरुस्तीला वेळ लागला, हे आम्हाला फोनवरून कळलं. त्या दिवसाचं मी काय सांगू? तलावाच्या बांधावरून फिरून आलो. पाणी मधोमध थोडं उरलेलं, कडेला भेगा, दोन बगळे. लोखंडी कपाट म्हणजे दुपारी तवाच, त्यामागे लाख विरघळली असेल, ठसा बसून गेला असेल, हेच डोक्यात फिरत होतं. परत येताना सापाची कात दिसली आणि मी पळत घरी आलो. दामोदरांनी मला पळताना पाहिलं. त्यांनी तेवढ्यापुरता दोर थांबवला आणि माझ्यापुढे पाण्याचा तांब्या सरकवला.

अकती

अकतीच्या सकाळी उजाडतानाच धनराज आला. जेवणाच्या स्टीलच्या डब्यात, ओल्या कापडात गुंडाळून त्यानं ते तुकडे आणले होते. माणसं पुन्हा जमली, या वेळी बायकाही. मी कापड सोडलं. तीन तुकडे होते. एक पार बसून गेला होता, त्यावर काहीच उरलं नव्हतं. दुसऱ्यावर अर्धवट अक्षरं. मी तिसरा उचलला तेव्हा विमलताई माझ्या अगदी शेजारी येऊन उभ्या राहिल्या.

तिसऱ्या तुकड्यावर पानांची नक्षी उलटी उमटलेली होती, आणि नक्षीजवळ तिळाएवढा उंचवटा. मी रुपया त्यावर ठेवला. टोच उंचवट्यावर बसली आणि रुपया हलेना.

सोमाजींना जवळ बोलावलं. त्यांनी भिंग घेतलं नाही. त्यांची नजर त्या तुकड्याच्या काठावर होती. सगळी लाख काळी, पण काठाला एक ठिगळ लाल होतं, कासाराकडच्या बांगड्यांच्या लाखेसारखं. त्यांनी त्याला बोट लावलं.

“हे आमच्या घरचं,” ते म्हणाले. “माझ्या बापाच्या पाळीत पाट हातचा सुटला, काठ तुटला. बापानं बांगडीची लाख पिघळून भरली. मले म्हने, कोनाले सांगू नको. मी आजवर सांगतलं नाई.” मग विमलताईंकडे न पाहता, “माय तीच हाय.”

इथे हे संपायला हवं होतं. पण मागून कुणीतरी म्हणालं, “मंग आता मशीनले विचारा ना. आता तं थंड असन.”

मला नाही म्हणता आलं असतं. पेटी बिघडली म्हणता आलं असतं, कुणाला काही कळलं नसतं. पण विमलताई अजून माझ्याजवळच उभ्या होत्या. मी पेटी लावली, दोन्ही बाजूंचे फोटो घेतले. सगळ्यांच्या माना मोबाइलवर वाकल्या. लाल अक्षरं आली, नकली. खात्री, अतिशय जास्त.

मागे कुजबुज सुरू झाली. एक बाई म्हणाली, “मशीन काहून खोटं बोलन?” आणि मी पाहिलं की सोमाजी हातातल्या लाखेच्या तुकड्याकडे पुन्हा नव्यानं बघायला लागले आहेत. स्वतःच्या बापाच्या हातचं ठिगळ, आणि त्यांना त्याचीच शंका यायला लागली. ओसरीवर दोर वळण्याचा आवाज थांबला होता.

मग मी बोललो. धैर्य वगैरे काही नव्हतं. न बोलण्याची भीती त्या क्षणी जास्त झाली, इतकंच.

“या यंत्राला मी शिकवलं आहे,” मी म्हणालो. “माझ्यासमोर दोन बटणं असतात, खरे आणि खोटे. खोटं नाणं मी चुकून खरं म्हटलं तर कंपनीत बोलणी खावी लागतात, नोकरीवर येतं. खरं नाणं खोटं म्हटलं तर मला कुणी काही विचारत नाही. म्हणून जिथे मला कळलं नाही, तिथे मी खोटं दाबत गेलो. झीज जुळत नाही, खोटं. घासलेलं आहे, खोटं. कशानं घासलं, कुणी घासलं, ते मी कधी विचारलं नाही. यंत्र तेच शिकलं. त्याला या रुपयातलं काही कळत नाही. ते फक्त माझ्यासारखं घाबरतं.”

सोमाजी म्हणाले, “म्हंजे त्याले समजलं नाई तं ते चोर म्हनते?”

“हो.”

विमलताई माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. “तुमाले नोकरीचं भेव वाटलं,” त्या सावकाश म्हणाल्या, “अन् माझा मानूस तीन आठवडे भिताडाकडं तोंड करून बसला.”

“हो,” मी म्हणालो.

त्या आत गेल्या. मला वाटलं, आता त्या बाहेर येतील आणि मला जायला सांगतील, आणि ते योग्यच होईल. त्या वही आणि पेन घेऊन आल्या. “लेहून द्या. जसं बोलले तसंच.”

मी अंगणात बसून लिहिलं. रुपया खरा आहे, गावचाच आहे, आणि यंत्र चुकलं ते माझ्यामुळे. ‘घाबरतं’ हा शब्द मी गाळला होता. विमलताईंनी तो घालायला लावला. खाली पूर्ण नाव, पत्ता, सही. सही करताना साहेबांचा चेहरा डोळ्यांसमोर होता. सोमाजींनी कागद घडी करून पाटाखालच्या कापडात ठेवला आणि म्हणाले, “हा आता मायसोबत घरोघर जाईन. दरवर्षी अकतीले वाचून दाखवू.” ते अगदी साधेपणानं बोलले, पण मला घाम फुटला.

मग जे झालं ते मी अडवू शकलो नाही. सोमाजींच्या सुनेनं चूल पेटवून लाख वितळवायला घेतली, नवी नाही, तीच जुनी. तिन्ही तुकडे, ठशासकट, लाल ठिगळासकट. मी म्हणालो, अहो, तो पुरावा आहे. विमलताई म्हणाल्या, “मायची लाख मायलेच लागन. पुरावा तुमी हाय ना.” त्याआधी मात्र प्रत्येक बाईनं रुपया हातात घेऊन मायची पाठ बघून घेतली. एकीनं पदरानं ती पुसली. पुन्हा कुणाला दिसणार नव्हती. लाख खळग्यात ओतली, रुपया चेहरा वर करून दाबला.

पाट उचलायला दामोदर उठले. तीन आठवड्यांत ते पहिल्यांदा अंगणाबाहेर निघाले. डोक्यावर पाट घेऊन गल्लीतून चालले तसतशी ओट्यांवर बसलेली माणसं उभी राहत गेली. सोमाजींच्या उंबऱ्यात त्यांच्या सुनेनं दामोदरांच्या पायांवर पाणी घातलं, आणि म्हातारा स्वतः पाट घ्यायला पुढे झाला. विमलताई माझ्या बाजूला उभ्या होत्या. त्यांनी पदराचं टोक दातांत धरलं होतं.

निघताना त्यांनी लाखोरीची पायली बांधून दिली. “पायाले काई होत नाई जी,” त्या म्हणाल्या. मी पाय हलवून पाहत होतो ते त्यांनी बघितलेलं होतं.

पुणे

परत आल्यावर साहेबांना सांगितलं, सगळं नाही, पण पुष्कळसं. तिसरं बटण द्या म्हणालो, ‘माहीत नाही’ असं. ते म्हणाले, माहीत नाही हे ऐकायला लोक आपल्याकडे कशाला येतील? यंत्राला नव्यानं शिकवायला वेळ लागेल. तोवर त्या नोंदीखाली लाल अक्षरं तशीच आहेत. धनराजचा फोन आला होता. शेजारच्या गावातून कुणीतरी मुद्दाम मायचा फोटो काढायला आलं, तर यंत्र म्हणालं, मागची बाजू दाखवा. मागची बाजू लाखेत आहे. यंत्र गप्प बसलं. सांगताना धनराज हसत होता.

मला हसता आलं नाही. मी खोटं दाबलेल्या नाण्यांची यादी माझ्या संगणकात आहे, आणि प्रत्येकापुढे गावाचं नाव आहे. यादी किती लांब आहे ते मी अजून शेवटपर्यंत जाऊन पाहिलेलं नाही. तिथे कुणाच्या अंगणात कोण जमलं होतं, कोण भिंतीकडे तोंड करून बसलं, मला काही माहीत नाही. आज सकाळी यादीतलं पहिलं नाव उघडलं. नाकाडोंगरी. तांब्याचा पैसा, एक बाजू झिजलेली. तेव्हा मी फक्त पैसा पाहिला होता. आज दिसलं, फोटोच्या कडेला तो धरलेला अंगठा आहे. त्याच्या नखात हळद आहे.